डॅन्यूब

डॅन्यूब : व्होल्गाखालोखाल युरोपातील सर्वांत लांब नदी. लांबी सुमारे 2,850 किमी. जर्मनीच्या नैर्ऋत्येस ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांत उगम पावणारे ब्रेग आणि ब्रिगाख हे प्रवाह डोनाउएशिंगेन येथे एकत्र येतात आणि तिथून पुढे डॅन्यूब हे नाव सुरू होते. दहा देशांतून किंवा त्यांच्या सीमांवरून वाहत ती काळ्या समुद्राला मिळते. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट आणि बेलग्रेड या चार राजधान्या तिच्या काठी वसल्या आहेत.

उगमापासून थोड्याच अंतरावर, इमेंडिंगेनजवळ, ही नदी चक्क गडप होते. चुनखडीच्या भेगांतून पाणी जमिनीत झिरपते आणि उन्हाळ्यात तर पात्रात नुसते गोटे उरतात. हे पाणी जाते कुठे, हे पाहण्यासाठी 1877 साली त्यात मीठ आणि रंग सोडण्यात आला. सुमारे 60 तासांनी, बारा किलोमीटरवरच्या आखटॉप्फ झऱ्यातून हिरवे पाणी उसळले! तो झरा ऱ्हाईनच्या खोऱ्यातला. म्हणजे डॅन्यूबच्या पाण्याचा एक वाटा काळ्या समुद्राऐवजी उत्तर समुद्राला जातो.

नदी एक, पण प्राचीन काळी नावे दोन. वरच्या प्रवाहाला रोमन लोक दानुवियस म्हणत. मुखाकडच्या भागाला ग्रीक इस्त्रोस म्हणत. मुखाशी ग्रीकांच्या वसाहती होत्या, पण उगमाविषयी त्यांची माहिती ऐकीव होती. हिरॉडोटसने तो केल्टांच्या देशात, पिरीनी नावाच्या नगराजवळ सांगितला आहे. पहिल्या शतकाच्या सुमारास स्ट्रेबोने धबधब्यांच्या वर दानुवियस आणि खाली इस्त्रोस अशी वाटणी नोंदवली. पुढे इस्त्रोस मागे पडले. डोनाउ (जर्मन), दुनाय (स्लोव्हाक), दुना (हंगेरियन), दुनाव (सर्बियन) ही आजची नावे पहिल्या नावाच्याच कुळातली आहेत.

या नावाचे मूळ मराठी वाचकाला जवळचे वाटेल. अवेस्तात ‘दानु’ म्हणजे नदी; कॉकेशसमधल्या ओसेटियन भाषेत आजही नदीला, पाण्याला ‘दोन’ म्हणतात. डॉन, नीपर, नीस्टर या नद्यांच्या नावांतही हाच शब्द दडलेला आहे. ऋग्वेदात पाणी अडवून धरणाऱ्या वृत्राची आई दानु; तिचे नावही अभ्यासक याच मुळाशी जोडतात. डॅन्यूब हे नाव केल्टांनी रूढ केले की इराणी भाषा बोलणाऱ्या स्टेपच्या लोकांनी, यावर मात्र एकमत नाही.

रोमन साम्राज्याची उत्तर सीमा दीर्घकाळ याच नदीने आखली होती. 1972 मध्ये पूर्ण झालेल्या आयर्न गेट्स धरणाने तिची सर्वांत धोक्याची घळई जहाजांसाठी सुकर केली, पण त्या जलाशयात आदा काले हे तुर्की वस्तीचे बेट बुडाले. ही किंमत फार मोठी होती.

रोमानियातील त्रिभुज प्रदेश 1991 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तेथील सुलिना हे बंदर जलवाहतुकीच्या मोजणीचे शून्य मानतात आणि किलोमीटर प्रवाहाच्या उलट दिशेने मोजतात. व्हिएन्नात हा आकडा 1,929 च्या आसपास असतो.