भिंत पत्र्यापर्यंत

धरणगाव म्हटलं की लोकांना बालकवी आठवतात. १८९० साली ते इथं जन्मले. इतिहासाची आवड असलेला कुणी भेटला तर तो १८२५ साली जेम्स औट्रमने उभारलेल्या भिल्ल पलटणीची गोष्ट काढतो, सतराव्या शतकातल्या इंग्रजांच्या वखारीची काढतो. मला मात्र गावाचा इतिहास दिसतो तो जिनांच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या, लांबलचक छपरांत. मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. इमारत उभी कशी राहते हे मी पुण्यात शिकले. ती जळताना काय करते, हे शिकायला त्यापुढची बरीच वर्षं गेली. हे दोन्ही धडे एकाच जागी मिळायला हवे होते, आणि माझ्या गावात ते एका छपराखाली होतेही, असं माझं ठाम मत आहे.

जिनात कापूस एकटा येत नाही. वेचणीबरोबर खडे येतात, खिळे येतात, कधी बिडीचं थोटूक, कधी काडेपेटीतली काडी. सरकी काढणाऱ्या यंत्रात, म्हणजे रेच्यात, चामड्याचा रूळ फिरतो आणि त्याला लागून पोलादी पातं असतं. रूळ तंतू ओढून पलीकडे नेतो, सरकी अलीकडे गळून पडते. फोन्स मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसाने १८४० साली या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि आपल्याकडचे रेचे त्याच घराण्यातले. या रूळ-पात्याच्या फटीत खिळा सापडला की ठिणगी उडते. पातं जास्त आवळलं तर नुसत्या घर्षणानेही रूळ तापतो. आजूबाजूला काय असतं? ढीगभर रुई, आणि हवेत तरंगणारे तिचे तंतू. ते तंतू वाशांवर, कैच्यांवर, भिंतीच्या माथ्यावर बसत जातात. हंगाम सरता सरता तिथं बोटभर थर साचतो.

जिनातली आग ढिगापेक्षा या थरावरून जास्त धावते. छपराच्या एका टोकाला ठिणगी पोचली की ज्योत तंतूंवरून सरसरत काही क्षणांत दुसऱ्या टोकाला जाते आणि तिथून खाली गळते. म्हणून दोन खोल्यांमधली भिंत माणसाच्या डोक्याइतकी उंच आहे की पत्र्याला भिडली आहे, हा जिनात जीवन-मरणाचा प्रश्न असतो. जुन्या जिनांत ती बहुधा भिडत नसे. वारा खेळावा म्हणून वर मोकळं सोडत, विटा वाचाव्यात म्हणूनही सोडत. शिवाय इंजिनापासून निघालेला लांब शाफ्ट सगळ्या रेच्यांवरून जाई आणि त्यासाठी भिंतीला भोकं ठेवावी लागत.

खानदेशातली ही जिनं वाढली ती कापसाच्या तेजीनं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि इथल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास रेल्वे खानदेशात उतरली. पुढे १९००च्या आसपास ताप्ती खोऱ्यातून सुरतेकडे जाणारा मार्ग झाला आणि धरणगावच्या कापसाची गाठ थेट आगगाडीत चढू लागली. मुंबई सरकारच्या १८८४-८५च्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांविषयी आणि रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसांविषयी साक्ष झाली. साध्या दिवसांत इंजिन पहाटे चार-पाचला सुरू होई आणि रात्री सात, आठ, कधी नऊला थांबे. मार्च-एप्रिलच्या घाईत तर रात्रंदिवस काम चाले. काम करणाऱ्या बहुतेक बायका. १८८१चा पहिला फॅक्टरी कायदा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता, कारण वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. जिन म्हणजे हंगामी धंदा, म्हणून कायद्याच्या बाहेर. झोप न झालेली बाई, अंधार, दिवा आणि रुई, हे सगळं एका खोलीत, आणि विचारणारं कुणी नाही. हंगामी कारखाने कायद्यात आले ते १९११ साली. एवढी तीस वर्षं कुणाच्या सोयीसाठी गेली, हे मला आजही शांतपणे वाचवत नाही.

माझी आजी जिनात रुई उचलायला जायची, पण ती पुष्कळ नंतर. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. तरी नव्या जागी शिरताना ती आधी दारं बघायची. लग्नाच्या मांडवातसुद्धा आम्हाला सांगायची, "धूर दिसना का पहिले दार दख." म्हणजे धूर दिसला की आधी दार बघ. अग्निसुरक्षेच्या पुस्तकात सुटकेच्या मार्गावर अख्खं प्रकरण असतं. त्याचा गाभा या एका अहिराणी वाक्यात आहे.

कायद्यानंही हळूहळू तेच लिहिलं. १९२५च्या कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज ॲक्टमध्ये इमारतीविषयी एक कलम होतं. नव्या जिनाला कच्चा कापूस आत आणायला आणि रुई बाहेर काढायला वेगळी दारं हवीत, प्रेसच्या खोलीला फरशी हवी, नकाशा आधी मंजूर करून घ्यायला हवा. हेतू कापसात भेसळ होऊ नये हा होता, पण वेगळ्या दारांचा उपयोग आगीतही तितकाच. मग १९४८चा फॅक्टरी ॲक्ट. आत माणसं असताना बाहेर जायचं दार कुलूपबंद नको आणि सरकतं नसेल तर ते बाहेरच्या बाजूला उघडावं, असं त्यात होतं. सत्ताविसावं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. प्रेसमध्ये कापूस पिंजणारं यंत्र चालू असलं तर तिथं बाई किंवा मूल कामाला ठेवता येत नसे. मात्र यंत्रात कापूस घालायची बाजू आणि तो बाहेर पडायची बाजू यांच्यामध्ये छतापर्यंत, निदान निरीक्षकाने लेखी ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत, भिंत असली तर घालायच्या बाजूला त्यांना काम करता येई. कायदा लिहिणाऱ्याच्या मनात यंत्राचा धोका होता. पण भिंत छतापर्यंत न्या, असं म्हणताना त्याने आगीचीही वाट अडवली.

इकडे शिक्षण वेगळ्याच वाटेनं चाललं होतं. पुण्यात १८५४ साली सरकारी बांधकामांसाठी माणसं तयार करायला वर्ग निघाला, त्यातूनच पुढे पुण्याचं इंजिनियरिंग कॉलेज झालं. एम. विश्वेश्वरय्या तिथूनच १८८३ साली बाहेर पडले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच खानदेशात आले. पांझरा नदीच्या पात्राखालून त्यांनी पाण्याचा सायफन नेला. पूल, धरण, कालवा, इमारत, सगळं या शिक्षणात होतं. आग मात्र बंबवाल्यांचं काम मानली जाई.

ती समजूत १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फुटली. फोर्ट स्टिकिन जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी. आग लागली ती कापसात. जवानांनी शेकडो टन पाणी ओतलं, तरी ती विझेना. ज्याने गाठ हाताळली आहे त्याला याचं कारण सांगावं लागत नाही. दाबलेल्या गाठीत पाणी आत शिरत नाही. ती पोटातून धुमसत राहते, कधी कधी कित्येक दिवस. दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली रामपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय निघालं आणि वर्षभरात ते नागपूरला आलं. नागपूर विद्यापीठाची अग्नी अभियांत्रिकीची पदवी १९७८ची. तिथं पहिली विद्यार्थिनी, हर्षिनी कान्हेकर, २००२ साली दाखल झाली. ज्या धंद्यात आगीच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या बायका उभ्या होत्या, त्या आगीचं शास्त्र शिकायला बाईला इतका वेळ लागला. म्हणजे बांधणं पुण्यात, विझवणं नागपुरात.

मी स्ट्रक्चर्स शिकले तेव्हा आग माझ्यासमोर एका तक्त्यात आली. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६च्या २०००च्या आवृत्तीत, तो आहे. दोन तास आग सोसायची तर साध्या टेकवलेल्या स्लॅबच्या सळईवर ३५ मिलिमीटर काँक्रीट हवं, खांबाला ४०. का हवं, हे तक्ता सांगत नाही. पोलाद साडेपाचशे-सहाशे अंशांवर जवळपास निम्मी ताकद गमावतं आणि काँक्रीटचा थर त्या तापमानाला पोचायला उशीर लावतो. जाड सागवानी खांब मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर कोळसा होत आत सरकतो, मधला गाभा बराच वेळ भार पेलतो. उघडी अँगलची कैची त्याच्या आधी मान टाकते. सातपुड्याच्या सागाचे जुने खांब उपटून पोलादी कैच्या बसवताना हे कुणी गणलं होतं का, असा प्रश्न मला प्रत्येक जुन्या जिनात पडतो.

देशाबाहेर ही फारकत आधी मिटू लागली. एडिंबरा विद्यापीठात १९७०च्या दशकात डेव्हिड रासबाश यांनी अग्निसुरक्षा अभियांत्रिकी हा विद्यापीठातला विषय केला. १९९०च्या दशकात इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनला एअरशिप ठेवायच्या एका जुन्या गोदामात आठ मजली पोलादी इमारत बांधून तिच्यात आगी लावल्या गेल्या. तुळया वाकल्या, पण स्लॅब झोळीसारखा ताणला जाऊन भार वाहत राहिला. सुटी तुळई भट्टीत घालून हे कधीच कळलं नसतं.

आमच्याकडे २०००नंतर कापूस तंत्रज्ञान अभियानातून जिनं नवी झाली. शाफ्ट गेले, पट्टे गेले, कापूस आता पाइपातून हवेनं ओढला जातो. हात कमी लागतात, धूळही कमी. पण जुन्या भिंतीतल्या शाफ्टच्या भोकाची जागा या पाइपाने घेतली आहे. एका खोलीतली ठिणगी तो दुसऱ्या खोलीतल्या ढिगावर नेऊन टाकतो. म्हणून पाइपावर ठिणगी ओळखणारा डोळा हवा, आणि भिंतीपाशी आपोआप मिटणारी झडप.

गिरणा नदीच्या काठी बांभोरी. तिथं १९८३पासून इंजिनियरिंग कॉलेज आहे, आणि धरणगाव तिथून फार लांब नाही. त्या बाजूची मुलं उन्हाळ्यात माझ्याकडे काम शिकायला येतात. मी त्यांना आधी एका जिनाचा उभा छेद काढायला लावते आणि त्यावर दोन रंगांच्या रेघा मागते. निळी रेघ छपराचं वजन जमिनीत कसं उतरतं ती. तांबडी रेघ आग कुठून कुठं जाईल ती. निळी बहुतेकांना जमते. तांबडीपाशी मुलं थांबतात, पुन्हा जिनात जातात, शिडी लावतात आणि भिंतीच्या माथ्यापासून पत्र्यापर्यंत किती जागा उरली आहे ते मोजून आणतात.