भिंतीतील विजेपासून तांदळाच्या दाण्यापर्यंत

बडनेऱ्याच्या माणसाला हृदयाचे काम समजावून सांगणे आम्हांस तरी सोपे वाटते. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक लहानसा पेशीपुंज असतो. दर ठोक्याला तेथून विजेची सूचना सुटते, मध्यावरच्या एका जंक्शनातून खाली जाते आणि खालचे दोन मोठे कप्पे आकसून रक्त पुढे ढकलतात. सूचना जंक्शनवरच अडली, की वरचा स्टेशनमास्तर कितीही घंटा वाजवो, गाडी आउटरलाच उभी! नाडी मंदावते, घेरी येते, कधी माणूस उठतच नाही. अशा वेळी बाहेरून विजेचा हलका धक्का देऊन ठोका चालू ठेवणे, हेच पेसमेकरचे काम. मात्र ती वीज आणावयाची कोठून, या एका प्रश्नातच त्याचा सारा इतिहास आहे.

आरंभ बेडकापासून करावा लागतो. इटलीतील बोलोन्या येथे गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकांचे पाय पितळी आकड्यांनी लोखंडी कठड्यास टांगले, तो ते झटके देऊ लागले. ही प्राण्याच्या अंगचीच वीज, असे त्याने १७९१ साली प्रसिद्ध केले. व्होल्टाला हे मान्य नव्हते. दोन निराळे धातू आणि मधला ओलावा यांतून ती निघते, असे म्हणून त्याने १८०० साली त्याच तत्त्वावर पहिली बॅटरी रचली. या गृहस्थाने तिची टोके आपल्याच कानांत घालून पाहिली आणि आत काही रटरटल्यासारखे ऐकले! विजेने कानाला ऐकविण्याची ती विद्या पुढे फार वाढली. बहिऱ्या मुलांच्या कानात यंत्र बसविण्याचे शल्यकर्म आपल्याकडे रुजविणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने अग्रेसर. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. गॅल्व्हानी-व्होल्टा वादात आम्ही दोघांनाही अर्धे अर्धे गुण देऊ.

आता अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी येऊ. तेथे डॉ. लिलेहाय मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करीत. नंतर काही दिवस ठोका सांभाळण्यासाठी हृदयाला तार जोडावी लागे. यंत्र मोठे आणि त्याची दोरी भिंतीतल्या प्लगला. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज गेली. वऱ्हाडात ज्यांनी भारनियमनाचे दिवस काढले आहेत, त्यांना त्या आईबापांची अवस्था निराळी सांगावयास नको. लिलेहाय यांनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन यांना गाठले. बॅकन यांना एका मासिकात छापलेली, संगीतातील ठेका धरणाऱ्या यंत्राची मांडणी आठवली; तिच्यावरून चारेक आठवड्यांत त्यांनी बॅटरीवर चालणारी, हातात मावेल अशी पेटी करून दिली. दोरी भिंतीपासून सुटली.

पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनमध्ये एल्मक्विस्ट यांनी बनविलेले यंत्र शल्यविशारद सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरातच बसविले. त्याचा साचा म्हणजे बूटपॉलिशची डबी! ते यंत्र काही तासांतच बंद पडले; पण लार्सन यांना आयुष्यभरात सव्वीस पेसमेकर लागले आणि ते २००१ सालापर्यंत जगले. यंत्र करणारा आणि बसविणारा, दोघेही त्यांच्याआधी गेले. २०१३ मध्ये अवघ्या दोन ग्रॅम वजनाचा, तारेविना चालणारा पेसमेकर मांडीच्या शिरेतून हृदयात पोहोचविण्यात आला.

तरीही शस्त्रक्रियेनंतरच्या तात्पुरत्या तारा राहिल्याच. त्या ओढून काढताना इजा होऊ शकते. चंद्रावर प्रथम उतरलेले नील आर्मस्ट्राँग २०१२ साली वारले, ते अशाच तारा काढल्यावर झालेल्या रक्तस्रावामुळे, असे पुढे प्रसिद्ध झाले. जन्मतः हृदयात दोष असलेल्या तान्ह्या बाळांना तर ही मदत बहुधा आठवडाभरच लागते.

त्यांच्यासाठी अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील रॉजर्स आणि एफिमोव्ह यांच्या चमूने एप्रिल २०२५ मध्ये तांदळाच्या दाण्याहून लहान पेसमेकर जाहीर केला: साडेतीन मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर जाड, सुईतून आत सोडता येणारा. छातीवरच्या पट्टीतून आलेल्या प्रकाशाने तो चालतो आणि काम झाल्यावर शरीरातच विरघळतो. बॅटरी? दोन निराळे धातू, आणि मधला ओलावा म्हणजे शरीरातलेच पाणी. प्रयोग झाले ते प्राण्यांवर आणि दान मिळालेल्या मानवी हृदयांवर. पाळण्यातल्या बाळापर्यंत येण्यासाठी त्याला अजून पुष्कळ कसोट्या उतरावयाच्या आहेत.