अतिश्वेतपेशिता : पांढऱ्या पेशींची पराकोटीची वाढ

अतिश्वेतपेशिता : रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या दर मायक्रोलिटरला १ लाखाच्या वर जाण्याची अवस्था. निरोगी प्रौढाच्या रक्तात ही संख्या साधारण ४ हजार ते ११ हजार असते. ही अवस्था म्हणजे स्वतंत्र आजार नव्हे. बहुतेकदा ती ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची खूण असते. क्वचित एखाद्या संसर्गातही दिसते. रिपोर्टवरचा सहा अंकी काउंट पाहून घरच्यांना धडकी भरते आणि ती अनाठायी नसते. तरीही रुग्णाला धोका किती, हे पेशी किती आहेत यापेक्षा त्या कोणत्या आहेत आणि किती वेगाने वाढल्या, यावर जास्त ठरते.

एरवीही हा काउंट एका जागी थांबत नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे निम्म्या वाहत्या रक्तात नसून रक्तवाहिन्यांच्या भिंतींना लगटून असतात. जोरात धावल्यावर, घाबरल्यावर किंवा स्टेरॉइड घेतल्यावर त्या प्रवाहात उतरतात. बाळंतकळा सोसणाऱ्या स्त्रीत काउंट २५ हजारांपर्यंत, नवजात बाळात ३० हजारांपर्यंत गेला तरी वैद्यांना नवल वाटत नाही. मूळपेशी दान करणाऱ्या निरोगी दात्याला जी-सीएसएफ या पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या औषधाची इंजेक्शने देतात, तेव्हा काउंट ४०–५० हजारांवर पोहोचतो आणि इंजेक्शने थांबली की थोड्याच दिवसांत खाली येतो. अस्थिमज्जेची क्षमताच तेवढी आहे : प्रौढाच्या शरीरात ती दररोज सुमारे १० हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. तीव्र जंतुसंसर्गात काउंट ५० हजारांपलीकडे गेला, पण ल्युकेमिया नसला, तर त्याला ल्युकेमॉइड प्रतिक्रिया म्हणतात.

पराकोटीच्या वाढीची पहिली ठळक वर्णने १८४५ सालची आहेत. एडिंबरात जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी काही आठवड्यांच्या अंतराने असे रुग्ण नोंदवले. दोघांनाही शवविच्छेदनात अवाढव्य प्लीहा आणि रंग पालटलेले रक्त आढळले. रक्तात पू झाला आहे, असे बेनेटचे मत पडले. फिर्खोला मात्र पू येण्याजोगी जागा शरीरात कुठेच दिसेना. तांबड्या आणि रंगहीन पेशींचे नेहमीचे प्रमाणच उलटले आहे, असा निष्कर्ष त्याने काढला आणि १८४७ मध्ये या विकाराला ल्युकेमिया हे नाव दिले. बेनेटचा रुग्ण २८ वर्षांचा, छपरांवर दगडी पाट्या बसवणारा कामगार होता. सुमारे २० महिने तो थकवा अंगावर काढत होता. असे रक्त अंगात वागवत माणूस इतका काळ तग धरतो, ही गोष्ट त्या पहिल्याच नोंदीत आहे आणि तिच्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही.

आज त्या रुग्णाचा आजार बहुधा दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, ठरला असता. सीएमएलमध्ये काउंट २–३ लाखांवर असूनही माणूस कामावर जात असतो. त्याची तक्रार असते ती डाव्या कुशीत जडपणा, दोन घास खाल्ले की पोट भरणे, रात्री घाम येणे एवढीच. काहींचा आजार तर दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत उघडकीला येतो. दीर्घकालीन लिम्फॉइड ल्युकेमियात, म्हणजे सीएलएलमध्ये, काउंट ४ लाखांच्या खाली असेपर्यंत रक्तप्रवाह तुंबल्याची लक्षणे विरळाच. याउलट तीव्र मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे एएमएलमध्ये, १ लाखाला, कधी त्याच्याही आधी, धाप लागते, दृष्टी धूसर होते, माणूस गुंगीत जातो. फुप्फुसे आणि मेंदू यांच्या सूक्ष्म वाहिन्यांत पेशी साचतात. याला ल्युकोस्टॅसिस म्हणतात आणि उपचारांना उशीर झाला तर काही दिवसांत मृत्यू ओढवू शकतो.

रक्त घट्ट होते म्हणून असे घडते, हे स्पष्टीकरण वरवर पटते, पण हिशेबात पुरते बसत नाही. तांबड्या पेशी निरोगी रक्ताचे ४०–४५ टक्के घनफळ व्यापतात. १ लाख पांढऱ्या पेशी मात्र जेमतेम ३–४ टक्के. खरा फरक पेशींच्या स्वभावात आहे. सीएलएलमधील लिम्फोसाइट लहान आणि बऱ्याच अंशी पक्व असतात. एएमएलमधील मायलोब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, मोठे आणि ताठर असतात. केशवाहिनीतून जाताना ते सहज आकार बदलत नाहीत. त्यातच ते वाहिनीच्या अस्तराला चिकटतात, तिथे दाह निर्माण करणारी रसायने सोडतात आणि ते अस्तर आणखी चिकट करून ठेवतात.

शरीरही जुळवून घेत असते. मज्जा कर्कपेशींनी व्यापल्यामुळे तांबड्या पेशी घटतात आणि रुग्ण पांढराफटक पडतो. पण या घटीमुळेच रक्ताचा एकूण दाटपणा आवाक्यात राहतो. म्हणून काउंट लाखांत असताना हिमोग्लोबिन कमी दिसले की लगेच रक्त चढवणे धोक्याचे ठरू शकते. आधी पांढऱ्या पेशी कमी करायच्या, रक्त अगदीच अपरिहार्य असेल तर जपून द्यायचे, हा नियम अनेक रुग्णांच्या हालांमधून शिकला गेला आहे.

या अवस्थेत प्रयोगशाळेचे आकडेही फसवू शकतात. नमुना सिरिंजमध्ये असतानाच लाखो पेशी त्यातला ऑक्सिजन वापरून टाकतात. मग रिपोर्टवर ऑक्सिजन भीतिदायक रीतीने कमी दिसतो आणि बोटावरचा ऑक्सिमीटर मात्र ९७ टक्के दाखवतो. नमुना बर्फात ठेवून तातडीने तपासला की ही तफावत बरीचशी मिटते. सीएलएलच्या नाजूक पेशी नळीत फुटून पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते, आणि ते खरे मानून उतरवले तर रुग्णाच्या हृदयावर बेतू शकते. उपचार सुरू झाल्यावर मात्र पेशी शरीरातच झपाट्याने मरतात. तेव्हा पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्ल खरोखरच वाढते, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. त्यासाठी आधीपासून भरपूर सलाइन आणि ॲलोप्युरिनॉल किंवा रॅसब्युरिकेज देतात.

कर्करोग नसतानाही १ लाखाची हद्द ओलांडली जाते, ती मुख्यतः तान्ह्या बाळांच्या डांग्या खोकल्यात. या खोकल्याच्या जंतूचे विष लिम्फोसाइटना रक्तातून ऊतींमध्ये जाऊ देत नाही. साचलेल्या पेशी फुप्फुसांच्या वाहिन्या अडवतात आणि हृदयावर असह्य ताण येतो. अशा बाळाचे रक्त बदलावे लागू शकते. भारतात या रोगावरची लस सहाव्या आठवड्यापासून मिळते, त्यामुळे त्याआधीचे आठवडे सर्वांत जोखमीचे.

सर्वांत विलक्षण उदाहरण डाउन सिंड्रोम असलेल्या नवजातांचे. त्यांतील सुमारे १० टक्के बाळांच्या रक्तात जन्मतःच ल्युकेमियासारख्या पेशी आढळतात. काहींचा काउंट १ लाखापुढेही जातो. त्या पेशींमध्ये जीएटीए-१ या जनुकाचे उत्परिवर्तन असते. तरीही बहुतेक बाळांच्या रक्तातून त्या तीनेक महिन्यांत कोणत्याही कर्करोगविरोधी औषधाविना नाहीशा होतात. काही बाळांचे यकृत मात्र निकामी होते आणि सुमारे एक पंचमांश मुलांना पुढच्या चार वर्षांत खरा ल्युकेमिया होतो, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते.

तातडीच्या उपचारांत हायड्रॉक्सियुरिया हे औषध आणि मूळ आजाराची केमोथेरपी महत्त्वाची. यंत्राने पांढऱ्या पेशी वेगळ्या काढण्याच्या ल्युकाफेरेसिसने काउंट काही तासांत उतरतो, पण त्यामुळे जगण्याचे प्रमाण वाढते, हे अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही.

सीएमएलचे चित्र इमॅटिनिब या गोळीने पालटले. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या आजारात एक आखूड गुणसूत्र सापडले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी ते ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून होते, हे दाखवले. त्या अदलाबदलीतून बनणाऱ्या प्रथिनाला रोखणारी ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी तिच्या ग्लिवेक या रूपाचे पेटंट नाकारले, आणि जेनेरिक गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. इथल्या सामान्य घरांसाठी हा निकाल औषधाच्या शोधाइतकाच मोलाचा होता. गोळी सुरू झाल्यावर लाखांतला काउंट बहुधा काही आठवड्यांतच सामान्य पातळीवर येतो. अनेक वर्षे आजाराचा जवळजवळ मागमूस नसलेल्या निवडक रुग्णांत वैद्यांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून पाहतात. त्यांतील साधारण निम्म्यांमध्ये आजार परततो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर जवळजवळ सर्वांमध्ये तो पुन्हा आटोक्यात येतो.