होडीची कुळकथा

झाशीच्या बड्या बाजारात, जिथून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र शेकडो कोस दूरच राहतो, तिथल्या एका किराणा दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत निकोबार बेटांतल्या एका नावेचे चित्र मी पाहिले आणि त्याखालचा ‘निकोबारी होड़ी’ हा मथळा वाचून सौद्याची यादी विसरलो. दुकानदार अस्सल बुंदेलखंडी. त्याच्या मते हे नाव ‘होड़’वरून, म्हणजे शर्यतीवरून, पडलेले. तर्क अगदीच टाकाऊ नव्हता, कारण निकोबारी लोक या नावांच्या शर्यती खरोखरच लावतात. शिवाय होड म्हणजे पैज हे मराठीलाही ठाऊक आहे. परंतु सुमात्राच्या उंबरठ्यावरील ज्या बेटांत या नावेला तिथल्या भाषांची निराळी नावे आहेत, तिथे रत्नागिरी-मालवणच्या कोळ्याच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा नांदावा, ही गोष्ट शर्यतीच्या खात्यावर मांडून मोकळे होण्याइतकी साधी मला वाटली नाही.

प्रथम वस्तूचे कूळ पाहू. एकाच खोडातून कोरलेली अरुंद काया, तिच्या एका अंगाला काही हातांच्या अंतरावर पाण्यावर तरंगणारा सडपातळ ओंडका आणि दोहोंना जोडणाऱ्या आडव्या दांड्या, अशी ही रचना. कोकणात त्या बाजूच्या ओंडक्याला उलंडी म्हणतात. तो नसता तर इतकी निमुळती नाव पहिल्याच लाटेला पालथी झाली असती. ही युक्ती आग्नेय आशियाच्या द्वीपसमूहांत जन्मली आणि तिच्याच आधाराने ते दर्यावर्दी बेटामागून बेट गाठीत पूर्वेस ईस्टर बेटापर्यंत व पश्चिमेस मादागास्करपर्यंत पोचले, हे आता सर्वमान्य आहे. जेम्स हॉर्नेल यांनी 1920 साली हिंदी नौकांच्या घडणीवर लिहिलेल्या प्रबंधात आपल्या किनाऱ्यावरील उलंडीचा संबंध याच पूर्वेकडील लोकांशी जोडला. ही युक्ती कोकणात स्वतंत्रपणे सुचली असेल असे म्हणणारे म्हणोत. पण निकोबार, श्रीलंका आणि कोकण या तिन्ही ठिकाणी उलंडी एकाच अंगाला असावी, हा योगायोग मला पचत नाही. निकोबारात दांड्यांपासून खुंट्या उतरवून त्या ओंडक्यात रोवतात, तर श्रीलंकेच्या ‘ओरू’मध्ये दांड्याच वाकवून ओंडक्याला थेट बांधतात, हा भेद प्रतिपक्ष पुढे करील, त्यावर माझे उत्तर इतकेच की सुतार बदलला की सांधाही बदलतो.

या बेटांतला व्यवहारही मोठा विलक्षण. चौरा हे निकोबारातले एक चिमुकले बेट. नाव कोरण्याजोगी मोठी झाडे तिथे नाहीत आणि मडक्यांची मातीसुद्धा शेजारच्या तेरेसा बेटावरून आणावी लागे. तरीही मडकी घडविण्याची मिरासदारी चौराचीच, आणि दक्षिणेकडील बेटांत कोरलेल्या नावा कार निकोबारच्या लोकांनी घ्यायच्या त्याही चौराच्याच हातून. ज्याच्यापाशी लाकूड नाही, त्यानेच नावांचा बाजार आपल्या मुठीत ठेवावा, असला बंदोबस्त बड्या बाजारातल्या मुरब्बी अडत्यालाही हेवा वाटायला लावील!

आता नावाकडे वळू. एक पक्ष म्हणेल की शब्दही नावेबरोबरच पूर्वेकडून आला. संस्कृत कोशांत ‘होड’ हा तराफ्याच्या अर्थी आढळतो, तमिळ-मलयाळमात ‘ओडम’ आहे, सिंहलीत ‘ओरू’. तेव्हा हे सारे एकाच प्राचीन सागरी शब्दाचे वंशज मानायचे. ही माळ सुरेख आहे, पण निकोबारी भाषांतली स्वतःची नावे तिच्यात ओवली जात नाहीत, आणि तिथेच तिचा दोरा तुटतो.

माझे मत असे की वस्तू तिकडून इकडे आली आणि नाव इकडून तिकडे गेले, तेही फार उशिरा. 1858 च्या मार्च महिन्यात, इकडे इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज झाशीवर चालून येत असताना, तिकडे बंडाच्या आरोपाखालील कैद्यांची पहिली तुकडी पोर्ट ब्लेअरला उतरली; पुढे 1869 ते 1888 या काळात निकोबारातील नानकौरी बंदरातही सरकारने कैद्यांची वसाहत चालविली. या काळ्या पाण्यावर कैदी, शिपाई, खलाशी अशा सर्वांची मिळून जी हिंदुस्थानी बोली शिजली, तीच पुढे बेटांच्या सरकारदरबाराची बोली झाली. आक्षेप उघड आहे: उत्तरेकडचा कैदी या नावेला ‘नाव’ म्हणेल किंवा ‘डोंगी’ म्हणेल, ‘होडी’ का म्हणेल? म्हणूनच हा शब्द मुंबई इलाख्यातल्या माणसांच्या, बहुधा कोकणी खलाशांच्या, तोंडून त्या बोलीत शिरला असे मी धरून चालतो. खुद्द झाशीचे नेवाळकर घराणे रत्नागिरीकडचे. कोकणचा माणूस जिथे सुभेदारी करायला पोचतो, तिथे त्याचा शब्द पोचायला कितीसा वेळ?

शिवाय एक साक्षीदार पश्चिमेकडचा आहे. ओमान आणि येमेनच्या किनाऱ्यांवर ओंडका कोरून केलेल्या नावेला ‘हूरी’ म्हणतात. अशा नावा मलबारातून कोरून तिकडे जात आणि शब्दही त्यांच्यासोबतच गेला. या हूरीला उलंडी नसते. अर्थात होडी हे नाव मुळात कोरलेल्या खोडाचे आहे, बाजूच्या ओंडक्याचे नव्हे. कोकणातही दोहोंना दोन शब्द आहेत ते त्यामुळेच. निकोबारात मात्र उलंडीसकट साऱ्या नावेला सरसकट होडी म्हणतात, आणि असा सरसकटपणा नाव घडविणाऱ्याचा नसतो, किनाऱ्यावर उभे राहून तिची दफ्तरात नोंद करणाऱ्या परक्याचा असतो.