भोंगा, मैदान आणि रेडिओ



बेसबॉलचे मैदान मी डोळ्यांनी पाहिलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटाने केले. अमेरिकेतील पोलाद कामगारांचा इतिहास वाचताना हा खेळ मला पुनःपुन्हा आडवा आला. सामना मैदानावर जाऊन पाहावा की घरी बसून ऐकावा, हा आपण आवडीनिवडीचा प्रश्न समजतो. माझ्या मते तो आधी कामाच्या तासांचा प्रश्न होता.

पिट्सबर्ग शहर घ्या. १९१९ साली पोलाद कामगारांनी संप केला. आठ तासांचा दिवस ही त्यांची एक मुख्य मागणी. जानेवारी १९२० मध्ये संप मोडला. त्यानंतरही पुष्कळांना बारा बारा तास भट्टीपुढे उभे राहावे लागे. ती पद्धत मोडू लागली १९२३ साली. गावात फोर्ब्स फील्ड हे नामांकित मैदान होते. पण सामने व्हायचे दुपारच्या उजेडात, आणि रविवारी धंदेवाईक खेळाला पेनसिल्व्हेनिया राज्यात कायद्याने मनाई. ती उठली १९३४ च्या हंगामात. मग भट्टीवाल्याने सामना पाहावा तरी केव्हा? खाडा करून, म्हणजे रोज बुडवून! मैदान घरापासून कोसभर असले तरी त्याच्यापुरते ते बंदच होते.

याच मैदानावरून ५ ऑगस्ट १९२१ रोजी केडीकेए केंद्राने मोठ्या साखळीतील सामना प्रथमच रेडिओवर ऐकवला. बोलणारा हॅरोल्ड आर्लिन हा वेस्टिंगहाउस कंपनीतला पंचविशीचा नोकर. रेडिओ तेव्हा मोजक्या घरांत होता, म्हणून कामगाराला लगेच काही मिळाले असे मी म्हणणार नाही. पण दार किलकिले झाले.

मालक मात्र धास्तावले. फुकट ऐकायला मिळाल्यावर तिकीट कोण काढील? न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षे रेडिओला बंदी घातली. १९३९ मध्ये ब्रुकलिनच्या लॅरी मॅकफेलने ती मोडली व रेड बार्बर याला बोलायला बसवले. हाच मॅकफेल आधी सिनसिनाटीत होता. तेथे २४ मे १९३५ रोजी विजेच्या दिव्यांखाली मोठ्या साखळीतला पहिला सामना झाला. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमधून कळ दाबली, हे सगळे सांगतात. मला महत्त्व वाटते ते त्या रात्री जमलेल्या वीस हजारांवर माणसांचे. दिवसपाळी संपवून, हातपाय धुऊन सामन्याला जाता येऊ लागले!

पुढे दूरचित्रवाणी आली. १९४८ साली मैदानांवर सुमारे २ कोटी ९ लाख प्रेक्षक आले होते, ते १९५३ साली १ कोटी ४४ लाखांवर घसरले. सगळे खापर घरातल्या पडद्यावर फुटले. मला हे अर्धेच खरे वाटते. माणसे उपनगरांत राहायला गेली आणि जुनी मैदाने मोटार उभी करायला जागा नसलेल्या वस्त्यांतच राहिली, हेही धरले पाहिजे.

शिवाय घर आणि मैदान यांचे वैर इतके सरळ नाही. ब्रुकलिनचा संघ १९५८ पासून लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये खेळू लागला. ते प्रचंड क्रीडांगण मुळात या खेळासाठी बांधलेलेच नव्हते. मागच्या रांगांना खेळाडू मुंगीएवढे दिसत. लोक ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि समोरचाच सामना विन स्कली यांच्या तोंडून ऐकत. १९६० साली स्कलींनी रेडिओवरून सुचवले, आज पंच फ्रँक सेकोरी यांचा वाढदिवस आहे, तेव्हा सगळे मिळून शुभेच्छा द्या. हजारो माणसे एकदम ओरडली. पंच चकित!

आता पैशाकडे वळतो. तो आमचा नेहमीचा विषय. खेळाडूंच्या संघटनेने १९६६ मध्ये मार्व्हिन मिलर यांना नेमले. हे गृहस्थ पोलाद कामगारांच्या युनियनमधले अर्थतज्ज्ञ. खेळाडूचे किमान वार्षिक वेतन तेव्हा ६,००० डॉलर होते. १९६८ च्या करारात ते १०,००० झाले. पेन्शनच्या निधीचा मोठा आधार प्रक्षेपणाचे उत्पन्न हाच होता. म्हणजे घरी बसलेला प्रेक्षक खेळाडूच्या म्हातारपणाची तरतूद करीत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

१३ ऑक्टोबर १९७१ रोजी अजिंक्यपदाच्या मालिकेतला पहिला रात्रीचा सामना झाला, तोही पिट्सबर्गलाच. मैदानात एकावन्न हजार माणसे. घरोघरी पडद्यासमोर सुमारे सहा कोटी. पुढच्याच एप्रिलात पेन्शनच्या रकमेवरून खेळाडूंनी संप पुकारला. तेरा दिवस मैदाने ओस पडली आणि पडदेही. मालकांनी पेन्शन निधीत पाच लाख डॉलरची भर घातली. बुडालेले ८६ सामने पुढे कधीच खेळले गेले नाहीत.