नाताळचा मोजा आणि आपले वाण



आपल्या मंडळाच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हाताला लेखणीपेक्षा सुईची सवय अधिक. पण मागाहून मनात आले, की एक प्रश्न मला गेली काही वर्षे टोचतो आहे आणि तो आपणा सर्वांच्याच घरचा आहे. मोठ्या माणसाला भेट म्हणून काय द्यावे? मुलांचे सोपे असते. चेंडू दिला, खाऊ दिला, की मूल नाचू लागते. पण सासूला, जावेला, शेजारणीला काय द्यावे, हे भल्याभल्यांना उमगत नाही. मुलीने वाचनालयातून पुस्तके आणून दिली, काही माहिती तिने फोनवर शोधून मला वाचून दाखवली. त्यातून जो इतिहास हाती लागला, तो अल्पमतीप्रमाणे येथे मांडते. चुकले माकले पदरात घ्यावे.

प्रारंभ नाताळापासून करते, कारण माझे डोळे नाताळानेच उघडले. आपल्या किनाऱ्याला नाताळ परका नाही. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या बाजूंना ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. 2005 साली तर सिंधुदुर्गाचा वेगळा धर्मप्रांतही झाला. डिसेंबर आला की इकडे आपल्या दहिकाल्याच्या जत्रा चालू असतात आणि तिकडे त्यांच्या अंगणात चांदण्या लटकू लागतात. जत्रेतून आपण घरोघर खाजे नेतो, तसे त्यांच्याकडून शेजारी कुसवाराचे ताट येते. त्यात नेवऱ्या असतात, कुलकुल असतात, आणि तांदळाचे पीठ, नारळाचा रस व काळा गूळ तासन् तास घोटून केलेला दोदोल असतो. आपल्याकडून चतुर्थीचे मोदक आणि दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जातो. ताट कधी रिकामे परत करायचे नाही, हा दोन्ही घरांचा रिवाज.

आमच्या शेजारी अशाच एक ख्रिस्ती मावशी राहत. यजमान वारलेले, मुलगे परगावी, घरात एकट्याच. मी घरी ब्लाऊज शिवून चार पैसे मिळवते. चाळिशी गाठली आणि डोळे दगा देऊ लागले. सुईत दोरा जाईना. मुलगी शाळेतून येईपर्यंत सुई तशीच धरून बसायची. लाजेने कोणाला बोलले नाही. हातातली कामे मात्र निमित्त काढून परत पाठवू लागले. मावशी संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत, त्यांनी ते पाहिले असावे. त्या वर्षीच्या कुसवाराच्या ताटात, विणलेल्या रुमालाखाली, नेवऱ्यांच्या कडेला कागदाची लहानशी पुडी होती. आत सुईत दोरा ओवायची तारेची पट्टी. बाजारात दहा-वीस रुपयांना मिळते. मी विचारायला गेले, तर म्हणाल्या, "माझ्याकडे दोन होती गे, एक तुका दिलंय." डोळ्यांचा विषय त्यांनी काढला नाही. पुढल्या आठवड्यात परत पाठवलेली कामे मी माघारी आणली.

इतक्या लहान वस्तूने एवढे काम कसे केले, याचा विचार करता करता मी या इतिहासाकडे वळले.

नाताळात मोजा टांगून त्यात भेटी घालण्याची जी पाश्चात्त्य चाल आहे, तिची गोष्ट संत निकोलसाची आहे. हा चौथ्या शतकातला धर्मगुरू. आजच्या तुर्कस्तानातील मायरा हे त्याचे गाव. तेथे एक गरीब बाप होता. त्याला तीन उपवर मुली होत्या आणि हुंड्याला पैसा नव्हता. मुलींची अब्रू विकली जायची वेळ आली. निकोलसाने रात्रीच्या अंधारात एकेका मुलीसाठी सोन्याची एकेक थैली खिडकीतून आत टाकली, आणि आपले नाव कळू दिले नाही. पुढे ही गोष्ट सांगताना लोक म्हणू लागले, की थैली शेकोटीपाशी वाळत घातलेल्या मोज्यात पडली. भगिनींनो, ध्यानात घ्या, मोज्यातली ही पहिली भेट लहान मुलाचे खेळणे नव्हते. ती उपवर मुलींना होती, हुंड्यापायी अडलेल्या. देणाऱ्याने तीन गोष्टी केल्या: गरज ओळखली, वेळ साधली आणि घेणारीला खाली मान घालायला लावली नाही.

या निकोलसाला डच लोक सिंटरक्लास म्हणत. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वखार घालणारे, ज्यांच्या वखारीचे पडके अवशेष आपण पाहतो, तेच हे डच. त्यांनीच अमेरिकेत वसाहत केली आणि तेथे त्या नावाचा सांता क्लॉज झाला. 1823 साली तिकडच्या ट्रॉय गावच्या एका वर्तमानपत्रात त्याच्यावरची एक कविता छापून आली आणि मोजे भरणारा म्हातारा घरोघर पोहोचला. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी नाताळचे पहिले छापील कार्ड काढले. त्याच साली डिकन्स यांची नाताळावरची प्रसिद्ध कथा निघाली. दुकानांची गर्दी त्यानंतरची.

परंतु मोठ्यांनी मोठ्यांना लहानसहान वस्तू देण्याची चाल याहून फार जुनी आहे. प्राचीन रोममध्ये 17 डिसेंबरपासून शनिदेवाचा उत्सव असे. त्यात मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या एकमेकांना देत. मार्शल नावाच्या कवीने अशा भेटींबरोबर द्यायला दोन-दोन ओळींच्या कविता रचल्या. त्यांतल्या वस्तूंची यादी ऐकून मला हसूच आले. त्यात दातकोरणे आहे, कानकोरणेही आहे! म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही थोरामोठ्यांना असल्या बारीक, रोजच्या उपयोगाच्या वस्तू देत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

इंग्लंडात एलिझाबेथ राणीच्या काळी भेटी नववर्षाच्या दिवशी देत. दरबारी लोकांनी राणीला काय दिले आणि राणीने उलट चांदीची भांडी किती वजनाची दिली, हे सारे लांबलचक गुंडाळ्यांवर लिहून ठेवत. आपल्या लग्नातली आहेराची वहीच म्हणा ना! त्याच राणीला एका विणकाम करणाऱ्या बाईने काळ्या रेशमाचे हातविणीचे मोजे नववर्षाला दिले. राणीला ते इतके आवडले, की पुढे तिने कापडी मोजे घातलेच नाहीत, असे तिकडचे बखरकार लिहितात. एवढे सोने-चांदी नोंदवून ठेवले, पण गोष्ट होऊन राहिली ती एका जोडी मोज्यांची. कारण त्या बाईने राणीच्या पायांचा विचार केला होता.

विचारपूर्वक भेटीचे आणखी एक उदाहरण मला फार आवडले. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी, म्हणजे 1914 च्या नाताळात, इंग्लंडच्या राजाची सतरा वर्षांची मुलगी राजकन्या मेरी हिच्या नावाने निधी गोळा झाला आणि सैनिकांना पितळी डब्या पाठवल्या गेल्या. त्यात सर्वांना एकच वस्तू घातली नव्हती. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तंबाखू. न ओढणाऱ्यांना आंबट गोळ्या व पत्र लिहायचे साहित्य. परिचारिकांना चॉकलेट. आणि हिंदी सैनिकांसाठी खडीसाखर व मसाल्याची डबी! परमुलखात गारठ्यात पडलेल्या आपल्या माणसाला मसाल्याचा वास आला असेल, तेव्हा काय वाटले असेल, हे मालवणी बाईला वेगळे सांगायला नको. आपणही मुंबईला निघालेल्या माणसाच्या पिशवीत मसाला आणि सोले घालतोच. ते राज्य परक्यांचे होते, ते युद्ध आपले नव्हते. तरी त्या डबीत कोणीतरी माणसाचा विचार केला होता, एवढे म्हणावे लागते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. भेट ही जबरदस्ती झाली, की तिचे ओझे होते, आणि ते गरिबाच्या डोक्यावर अधिक पडते. न्यूयॉर्क शहरात दुकानांतून व कचेऱ्यांतून काम करणाऱ्या मुलींना नाताळात आपल्या वरिष्ठांच्या भेटीसाठी पगारातून वर्गणी द्यावी लागे. 1912 साली तेथील एलिनॉर बेलमाँट आणि अॅन मॉर्गन या दोन बायकांनी या मुलींना बरोबर घेऊन निरुपयोगी भेटी बंद करण्यासाठी एक मंडळच काढले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष रूझवेल्ट हेसुद्धा त्याचे सभासद झाले. त्यांचे म्हणणे भेटीच देऊ नका असे नव्हते. मनात नसता, केवळ रीत म्हणून देऊ नका, एवढेच ते होते. शंभर वर्षांपूर्वी कष्टकरी बायकांनी हे धैर्य दाखवले, हे वाचून मला आपल्या मंडळाची आठवण झाली.

आपल्याकडे काय निराळे आहे? आपला मोजा म्हणजे संक्रांतीचे वाण. गौरीच्या सणाला सून सुपात ओवसा घेऊन वडीलधाऱ्यांकडे जाते, तेही देणेघेणेच. पूर्वी वाण म्हणजे घरचे काही असे: हळदकुंकवाची पुडी, ऊस, बोरे, फणी, करंडा. हल्ली आपण घाऊक दुकानातून एकाच प्रकारचे पन्नास प्लास्टिकचे डबे आणतो आणि दाराशी येईल तिच्या हातात देतो. तिच्याकडूनही तसाच डबा येतो. माझ्या माळ्यावर असे एकोणीस डबे निघाले, मोजले म्हणून सांगते.

आणि हे वाण सर्वांना पोहोचत होते का? 1852 साली संक्रांतीला सावित्रीबाई फुल्यांच्या पुढाकाराने पुण्यात महिला सेवा मंडळाचा तिळगुळाचा समारंभ झाला. तेथे कोणत्याही जातीच्या बायका येवोत, सर्वांना एकाच जाजमावर बसवून सारखेच हळदीकुंकू लावायचे ठरले होते. त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. मी मात्र माझ्या मावशींना एकदाही वाण दिले नाही. त्या आपल्यातल्या नव्हत आणि त्या विधवा होत्या, ही दोन कारणे मी कोणी न शिकवता धरून बसले होते.

ताट रिकामे जाऊ नये म्हणून मी त्यांना दिवाळीला भेट दिली होती, ती कसली? बाजारातून काचेच्या सहा पेल्यांचा खोका आणला. वर चकचकीत कागद, त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी. किंमत बरीच होती आणि मला त्याचा अभिमान होता. मावशी गेल्या, तेव्हा त्यांची सून घर आवरायला आली. कपाटातून तो खोका काढून तिने विचारले, "ह्यो तुमचोच मा, काकी?" कागदसुद्धा फोडलेला नव्हता. एकट्या राहणाऱ्या बाईला मी सहा पेले दिले होते. त्यांनी ते कोणापुढे मांडायचे? त्यांच्या गुडघ्यांना थंडीत कळा येत, हे मला ठाऊक होते. उरलेल्या कापडाची वाळूची पिशवी शिवून दिली असती, तर तव्यावर तापवून रोज शेकता आली असती. अर्ध्या तासाचे काम होते. माझ्या ते डोक्यातच आले नाही. तो खोका आता माझ्या फळीवर आहे, आणि सुईची ती पट्टी माझ्या शिवणाच्या डब्यात.

असो. इतिहासातून मला जे समजले ते थोडक्यात सांगते. मोठ्या माणसाला भेट द्यायची, तर आधी महिनाभर त्याच्याकडे पाहावे. रोज त्याचे कोठे अडते, कशाने त्याला बरे वाटते, ते टिपावे. वस्तू लहान असली तरी चालेल, पण ती त्याच माणसाची असावी. डोळे दुखणाऱ्याला पुस्तक नको, आणि गोड वर्ज्य असलेल्याला लाडू नकोत. आपल्या हातचे काही जमले तर ते पहिले: सोले, कुळथाचे पीठ, विणलेला रुमाल. विकत घ्यायचेच, तर जवळच्या कारागिराचे घ्यावे. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे पाहून परगावचा माणूस आजही हरखतो. आणि देताना घेणाऱ्याची उणीव चारचौघांत बोलून दाखवू नये.

मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. येत्या संक्रांतीला घाऊक डबे आणू नयेत. मार्गशीर्षातच सर्व सभासदांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून प्रत्येकीने एक उचलावी, आणि जिचे नाव येईल तिच्यासाठी पन्नास रुपयांच्या आतले किंवा घरी केलेले वाण तयार ठेवावे. देणारीचे नाव गुप्त राहावे. चिठ्ठ्यांत आपल्या विधवा भगिनींची नावे असावीत, आणि वाडीतल्या ज्या ख्रिस्ती, मुसलमान बायका यायला खुशी असतील त्यांचीही.

मावशींचे वाण माझ्याकडून राहूनच गेले. तुमच्या शेजारी अशी कोणी असेल, तर तुम्ही राहू देऊ नका, एवढेच सांगून पुरे करते.