उद्देशिका, भारतीय संविधानाची

संविधानाच्या आरंभी असणारे आणि त्याचे अधिष्ठान, राज्याचे स्वरूप व उद्दिष्टे सांगणारे निवेदन. यास सरनामा किंवा प्रास्ताविक असेही म्हणतात. संविधानातील अनुच्छेद राज्यसंस्थेची रचना व अधिकार ठरवितात. ती रचना कोणाच्या अधिकाराने व कशासाठी उभारली आहे, याचे उत्तर उद्देशिकेत मिळते. लोकांच्या नावाने संविधानाचा आरंभ करण्याचा अमेरिकेतील १७८७ चा प्रघात भारताने स्वीकारला.

भारतीय उद्देशिकेचे मूळ संविधान सभेच्या उद्दिष्टांच्या ठरावात आहे. जवाहरलाल नेहरू यांनी तो १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडला. त्या वेळी मुस्लिम लीगचे सदस्य सभेत आले नव्हते व संस्थानांचे प्रतिनिधी यावयाचे होते. त्यांच्यासाठी निर्णय लांबणीवर टाकावा, ही मु. रा. जयकर यांची सूचना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ डिसेंबर रोजी उचलून धरली. अखेर २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव संमत झाला. न्याय, स्वातंत्र्य व समानता ही तत्त्वे त्यात होती. बंधुतेचा उल्लेख मात्र नव्हता. देशात बंधुभावाची निकड पूर्वी कधी नव्हती एवढी आहे, या विचाराने मसुदा समितीने १९४८ च्या मसुद्यात तो घातला व व्यक्तीच्या प्रतिष्ठेशी आणि राष्ट्राच्या एकतेशी त्याची सांगड घातली.

संविधानाशी सुसंगत राहावी, म्हणून उद्देशिका शेवटी, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी चर्चेस घेण्यात आली. आरंभी ईश्वराचे नाव असावे, ही ह. वि. कामत यांची उपसूचना ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. उद्देशिकेनेच दिलेल्या श्रद्धेच्या स्वातंत्र्याशी ती विसंगत आहे, असा आक्षेप हृदयनाथ कुंझरू यांनी घेतला होता.

‘आम्ही, भारताचे लोक’ हे शब्द विशेष अर्थपूर्ण आहेत. संविधान सभा मर्यादित मताधिकारावर आधारलेल्या अप्रत्यक्ष निवडणुकीने बनली होती आणि तिच्या सार्वभौमत्वास ब्रिटिश संसदेच्या १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य अधिनियमाचा कायदेशीर आधार होता. तरीही संविधानाने स्वतःचा उगम लोकांत असल्याचे घोषित केले आणि अनुच्छेद ३९५ अन्वये तो अधिनियमच निरसित केला. प्रौढ मताधिकारावरील पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली.

उद्देशिकेच्या कायदेशीर स्थानाविषयी न्यायालयाचे मत बदलत गेले. बेरूबारी प्रकरणी (१९६०) सर्वोच्च न्यायालयाने ती संविधानाचा भाग नसल्याचे म्हटले. केशवानंद भारती खटल्यात (१९७३) हे मत नाकारण्यात आले. ती संविधानाचा भाग असून तिच्या प्रकाशात अनुच्छेदांचा अर्थ लावावा, असे ठरले. मात्र ती अधिकारांचा स्वतंत्र स्रोत नाही व केवळ तिच्या आधारे न्यायालयाकडून हक्काची अंमलबजावणी करून घेता येत नाही. आणीबाणीच्या काळात संमत झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ व ‘एकात्मता’ हे शब्द तीत घालण्यात आले. त्यांपैकी पहिल्या दोहोंस आव्हान देणाऱ्या याचिका न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळल्या.

अशा प्रकारे उद्देशिका ही आज्ञा नसून कसोटी आहे. कायद्याचा अर्थ संदिग्ध असेल तेव्हा न्यायाधीशास ती दिशा दाखविते आणि राज्यकारभार दिलेल्या वचनाशी कितपत जुळतो, हे पडताळण्याचे माप नागरिकाच्या हाती देते.